आयटीचं काम बाहेर सोपवताना: छोट्या व्यवसायांना पडणारे प्रश्न

५ ते ५० माणसांच्या व्यवसायांची कॉम्प्युटर-व्यवस्था सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेली. आधी ही सेवा देणाऱ्यांच्या बाजूने, नंतर ती घेणाऱ्यांच्या बाजूने. दोन्हीकडे प्रश्न तेच असतात, विचारण्याची वेळ तेवढी वेगळी. कोणी करार करायच्या आधी विचारतं, कोणी हात पोळल्यावर. खालची उत्तरं पहिल्या गटासाठी लिहिली आहेत. दुसऱ्या गटातल्यांनी शेवटून दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करावी.

आयटी बाहेर सोपवायचं म्हणजे नेमकं काय सोपवायचं?

रोजचं सांभाळणं. कॉम्प्युटर, सर्व्हर, राउटर, फायरवॉल, ईमेल आणि वाय-फाय यांची देखभाल, वेळच्या वेळी अपडेट, बॅकअप, नव्या माणसाचं खातं उघडणं, गेलेल्याचं बंद करणं आणि कोणी अडलं की फोन उचलणं. त्यात आता सुरक्षेची भर पडली आहे: रात्री-अपरात्री कोणी घुसायचा प्रयत्न करतंय का यावर नजर ठेवणं, करतच असेल तर त्याला थोपवणं. अशी सेवा देणाऱ्याला या धंद्यात एमएसपी म्हणतात. निव्वळ सुरक्षेचं काम करणारे असतील तर एमएसएसपी. पाटीवर काय लिहिलंय याला फार महत्त्व देऊ नका, करारात काय लिहिलंय ते बघा.

काही गोष्टी मात्र सोपवायच्याच नसतात. कोणती माहिती सगळ्यात मोलाची, ती कोणी पाहावी, काम किती तास बंद राहिलं तर चालेल, हे बाहेरच्याला ठरवता येत नाही. आणि मालकीही सोपवायची नसते. त्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण बहुतेक भांडणं तिथेच होतात.

आम्ही काही बिघडलं की माणूस बोलावतो. तेवढं पुरत नाही का?

दोन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर असेल तर पुरतं, उगाच करार करू नका.

त्याच्या पुढे गेलात की या पद्धतीतली मेख लक्षात घ्या. बिघाड झाल्यावरच ज्याला पैसे मिळतात, त्याला बिघाड टाळण्यात काही मिळत नाही. तो माणूस प्रामाणिक असला तरी हिशोब तसाच राहतो. ठरावीक मासिक रक्कम घेणाऱ्याचं उलटं असतं: तुमचा प्रत्येक फोन म्हणजे त्याचा खर्च, म्हणून फोन येऊच नये यात त्याचा फायदा. अर्थात फोन कमी करण्याचा आणखी एक मार्ग आहे, तो म्हणजे फोन न उचलणं. त्यासाठीच करार नीट वाचायचा.

दुसरं असं की बोलावल्यावर येणाऱ्याला फक्त बिघडलेलं यंत्र दिसतं. बॅकअप तीन महिन्यांपूर्वीच थांबलाय, हे त्याला कोणी विचारत नाही आणि तो सांगत नाही.

आमच्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि विचारणारा जवळजवळ नेहमीच हसत विचारतो.

हल्लेखोर तुमचं नाव शोधत येतो, या कल्पनेतून हे हसू येतं. प्रत्यक्षात बहुतेक हल्ले माणूस करतच नाही. इंटरनेटवरचे पत्ते रात्रंदिवस तपासत राहणारे प्रोग्रॅम असतात. कुठे रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवायच्या सोयीचा, ३३८९ क्रमांकाचा पोर्ट (नेटवर्कवरचं दार) उघडा दिसला की ते पासवर्ड घालून बघायला लागतात. दार मोठ्या कंपनीचं आहे की तिघांच्या ऑफिसचं, याच्याशी प्रोग्रॅमला देणंघेणं नसतं.

१२ मे २०१७ रोजी पसरलेला, फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा प्रोग्रॅम असाच होता. काही दिवसांत दीडशेच्या आसपास देशांमधले दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर त्याने बंद पाडले. विंडोजमधलं ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. म्हणजे जवळजवळ दोन महिने औषध हातात होतं, घेतलं कोणी नाही.

चोरण्यासारखं म्हणाल तर खंडणी मागणाऱ्याला तुमच्या माहितीत रस नसतो. ती त्याच्या उपयोगाची नसली तरी तिच्यावाचून तुमचं काम अडतं, तेवढं त्याला पुरतं. बिलं, ऑर्डरी, ग्राहकांचे पत्ते, उधारीची यादी हे सगळं उद्या सकाळी उघडलं नाही तर काय कराल, याचं उत्तर म्हणजे तुमच्या माहितीची किंमत.

आणखी एक धोका असतो, तुमच्यामार्फत दुसऱ्याच्या घरात शिरण्याचा. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. चोर आत आले ते हीटिंग आणि कूलिंगची कामं करणाऱ्या एका छोट्या कंत्राटदाराचं लॉगिन वापरून. त्या कंत्राटदाराकडेही चोरण्यासारखं काही नव्हतं.

स्वतःचा माणूस ठेवावा की बाहेरची कंपनी?

एक माणूस आजारी पडतो, सुट्टीवर जातो, नोकरी सोडतो. शिवाय नेटवर्क, ईमेल, सुरक्षा आणि प्रिंटर या चारही गोष्टी उत्तम येणारा माणूस क्वचित भेटतो, आणि भेटलाच तर छोट्या ऑफिसात टिकत नाही. म्हणून ३०-४० माणसांपर्यंत बाहेरची कंपनी बरी, असं माझं मत. त्यापुढे दोन्ही: रोजचं बघायला आपला एक माणूस, अवघड कामांना आणि रात्रपाळीला बाहेरचे. आतला माणूस असण्याचा खरा फायदा असा की बाहेरच्यांना प्रश्न विचारणारं कोणीतरी असतं.

त्यांना आमचे सगळे पासवर्ड द्यावे लागतात का?

काम करायला अधिकार द्यावे लागतात. तुमचे पासवर्ड द्यावे लागत नाहीत. दोन्हींत फरक आहे.

बाहेरच्या प्रत्येक तंत्रज्ञाचं स्वतःच्या नावाचं वेगळं खातं हवं. ‘अ‍ॅडमिन’ नावाचं एकच खातं सहा जण वापरत असतील, तर रात्री दोन वाजता कोणी काय केलं हे नंतर कळायला मार्ग नाही. या खात्यांना टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी तपासणी, हवंच, आणि त्यांच्याकडचा माणूस गेला की त्याच दिवशी त्याचं खातं बंद झालं पाहिजे. तसं होतं का, हे विचारायला लाजू नका.

आता मालकीबद्दल. पुढच्या गोष्टी तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या कार्डावर असल्या पाहिजेत: डोमेनची (ईमेल आणि वेबसाइटच्या पत्त्यातल्या तुमच्या नावाची) नोंदणी, ईमेल सेवेचं सर्वोच्च अ‍ॅडमिन खातं, क्लाउडचं मूळ खातं, सॉफ्टवेअरची लायसन्स, बॅकअपची एन्क्रिप्शन-किल्ली आणि लॅपटॉपच्या डिस्क ज्या किल्ल्यांनी उघडतात त्या रिकव्हरी-की. यातलं काहीही सेवा देणाऱ्याच्या नावावर असेल तर तुम्ही तुमच्याच ऑफिसात भाडेकरू आहात.

एका व्यवसायाचं डोमेन वेबसाइट करून देणाऱ्या माणसाने स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं होतं. काही वर्षांनी त्याने तो धंदाच सोडला. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिल्या, कोणी पाहिल्या नाहीत आणि एका सोमवारी सकाळी सगळ्यांचे ईमेल बंद. पहिले दोन तास आम्ही राउटर तपासत होतो. त्या माणसाचा शोध लागेपर्यंत चौथा दिवस उजाडला, आणि तो भला निघाला म्हणून सुटलो. तेव्हापासून कुठल्याही नव्या ठिकाणी गेलो की मी आधी डोमेन कोणाच्या नावावर आहे ते बघतो.

सर्वोच्च अ‍ॅडमिनचं एक राखीव खातं काढा. त्याचा लांबलचक पासवर्ड आणि बॅकअप-कोड कागदावर लिहा, पाकीट बंद करा, तिजोरीत ठेवा. ते खातं रोज कोणीच वापरायचं नाही. पद्धत जुनाट वाटेल, पण कागद हॅक होत नाही.

ज्या कंपनीला सोपवलं, तिच्यावरच हल्ला झाला तर?

झालेला आहे. शुक्रवार, २ जुलै २०२१. अमेरिकेत मोठा वीकएंड सुरू होत होता आणि हल्लेखोरांनी नेमकी तीच वेळ धरली. कासेया नावाच्या कंपनीचं व्हीएसए हे सॉफ्टवेअर अनेक एमएसपी आपल्या ग्राहकांचे कॉम्प्युटर दुरून सांभाळायला वापरत. त्यातल्या त्रुटीतून रेव्हिल या टोळीने खंडणीचा प्रोग्रॅम पाठवला. थेट फटका बसलेले ग्राहक साठाच्या आत होते, पण त्यातले बरेचसे एमएसपी. त्यांच्यामार्फत तो खालच्या हजार-दीड हजार छोट्या व्यवसायांपर्यंत पोचला. स्वीडनमधल्या कूप या दुकानसाखळीची गल्ले-यंत्रं बंद पडली आणि तिला शेकडो दुकानं बंद ठेवावी लागली. कूप स्वतः कासेयाची ग्राहकसुद्धा नव्हती, तिला सेवा देणाऱ्या कंपनीच्या साखळीत ते सॉफ्टवेअर होतं.

कुंपणानेच शेत खाल्लं, असं म्हणून बाहेरची सेवाच नको, असा निष्कर्ष काढणारे मला भेटले आहेत. तो मला पटत नाही. ज्याच्याकडे शंभर घरांच्या किल्ल्या, त्याच्यावर चोराचा डोळा असणारच. म्हणून आपली किल्ली देताना तो त्या कशा ठेवतो हे विचारायचं. तुमच्या रिमोट सॉफ्टवेअरमध्ये शिरायला टू-स्टेप आहे का? एका ग्राहकाकडचा पासवर्ड दुसऱ्याकडे चालतो का? तुमच्यावर हल्ला झाला तर आम्हाला किती तासांत कळवाल, आणि हे करारात लिहून द्याल का? आयएसओ २७००१ किंवा सॉक २ असं सुरक्षेचं प्रमाणपत्र असेल तर ते चांगलंच, पण ते प्रमाणपत्र नेमक्या कोणत्या कामाला लागू आहे ते वाचा. कधी कधी ते डेटा सेंटरचं असतं आणि दाखवतात मात्र स्वतःचं म्हणून.

आणि एक बॅकअप असा ठेवा, ज्याला या कंपनीच्या रोजच्या खात्यांनी हात लावता येत नाही.

बॅकअप आहे. मग काळजी कसली?

बॅकअप आहे हे कोणी सांगितलं? सॉफ्टवेअरने की माणसाने? आणि त्यातून शेवटची फाइल परत कधी काढून बघितली?

गिटलॅब ही कंपनी प्रोग्रॅमर लोकांची. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका इंजिनिअरकडून चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअपचे एक ना दोन, चांगले पाच मार्ग त्यांनी लावून ठेवले होते, आणि वेळेला त्यातला एकही धड चालला नाही. रोजचा बॅकअप तर सॉफ्टवेअरची आवृत्ती न जुळल्यामुळे कित्येक दिवस होतच नव्हता. तो होत नसल्याची सूचना देणारे ईमेल निघत होते, पण ईमेलच्या तपासणीत नापास होऊन परत फेकले जात होते. एका इंजिनिअरने दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी हाताने एक प्रत काढली होती, ती होती म्हणून निभावलं. कंपनीने हे सगळं स्वतःहून जगजाहीर केलं, याबद्दल मला त्यांचं कौतुक आहे.

बॅकअपचा जुना नियम ३-२-१ असा आहे: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. खंडणीवाल्यांच्या काळात त्यात एक भर घाला: एक प्रत नेटवर्कपासून पूर्ण तुटलेली, किंवा ठरावीक मुदतीपर्यंत कोणालाच पुसता येणार नाही अशी. आत शिरलेला चोर हल्ली आधी बॅकअप शोधतो, ते पुसतो आणि मग कुलूप घालतो. २०१७ च्या जूनमध्ये नॉटपेट्या या विध्वंसक प्रोग्रॅमने माएर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं नेटवर्क झोपवलं. लॉगिनची सगळी माहिती ज्या सर्व्हरांवर असते ते एकूण एक गेले. वाचला फक्त घानामधला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. एवढ्या मोठ्या कंपनीला वीज जाण्याने तारलं. तुम्ही ती तुटलेली प्रत ठरवून ठेवा.

उलट उदाहरण प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या कोड स्पेसेस या कंपनीचं. जून २०१४ मध्ये कोणीतरी त्यांच्या क्लाउडच्या नियंत्रण-पॅनेलमध्ये शिरलं, खंडणी मागितली आणि त्यांनी खाती परत मिळवायची धडपड सुरू केल्यावर माहिती पुसत सुटलं. बॅकअप त्याच पॅनेलमधून दिसत होते, तेही पुसले गेले. बारा तासांत व्यवसाय संपला, पुन्हा उघडलाच नाही.

दोन आकडे तुम्ही ठरवायचे आणि करारात घालायचे. एक, किती वेळाचं काम पुन्हा करावं लागलं तर चालेल: एक तासाचं, एका दिवसाचं? त्यावरून बॅकअप किती वेळाने घ्यायचा हे ठरतं. दोन, किती वेळ बंद राहिलो तर चालेल? त्यावरून परत उभं करायची व्यवस्था ठरते. दोन्ही शून्य हवेत असं सगळेच म्हणतात आणि खर्चाचा आकडा ऐकल्यावर सगळेच नरमतात.

जाता जाता: एका जागेवरच्या फाइली दुसऱ्या जागी आपोआप जुळवत राहणारी सिंक-सेवा म्हणजे बॅकअप नव्हे. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. काही सेवा जुन्या आवृत्त्या थोडे दिवस ठेवतात, पण तेवढ्या भरवशावर धंदा ठेवू नका.

आमचं सगळं क्लाउडवर आहे. आता सांभाळायला उरलं काय?

यंत्रं त्यांची, वीज त्यांची, इमारत त्यांची. खाती, परवानग्या आणि माहिती तुमची. क्लाउडचे करार ही वाटणी स्पष्ट करतात, फक्त ते कोणी वाचत नाही. कर्मचाऱ्याचा पासवर्ड चोरून कोणी तुमच्या मेलबॉक्समध्ये शिरलं, तर क्लाउडच्या दृष्टीने तो तुमचाच माणूस.

इमारतीचाही भरवसा असतोच असं नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर आगीत खाक झालं. काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात होते.

अँटिव्हायरस आहे की आमच्याकडे.

असू द्या, पण तो ओळखीच्या चोरांचे फोटो घेऊन दारात बसलेल्या पहारेकऱ्यासारखा. अनोळखी चोर आला, किंवा चोराने घरच्याच माणसाची किल्ली आणली, तर तो उठून उभासुद्धा राहत नाही. हल्ली वापरतात ती ईडीआर प्रकारची साधनं वागणुकीवर लक्ष ठेवतात: हिशोबाच्या कॉम्प्युटरवरून रात्री तीनला हजारो फाइली बदलायला लागल्या, तर ते यंत्र नेटवर्कपासून तोडतात.

मात्र साधन विकत घेणं आणि त्याच्याकडे कोणी बघत असणं या दोन गोष्टी आहेत. इशारा शनिवारी रात्री आला आणि सोमवारी सकाळी वाचला, तर बैल गेला नि झोपा केला. म्हणून विचारा: इशारा आल्यावर कोण बघतं, किती वाजेपर्यंत बघतं, आणि आम्हाला न विचारता कॉम्प्युटर तोडायचा अधिकार त्यांना आहे का? हा अधिकार द्या. एखादा कॉम्प्युटर उगाच तासभर बंद राहिला तरी चालेल.

दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावतात. ते बरोबर आहे का?

नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ मध्येच सांगितलं की ठरावीक काळाने पासवर्ड बदलायची सक्ती करू नये, तो फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा बदलावा. सक्ती केली की लोक शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. लांब पासवर्ड, प्रत्येक ठिकाणी वेगळा, पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवलेला आणि वर टू-स्टेप. एसएमएसवर येणाऱ्या कोडपेक्षा अ‍ॅपमधला बरा, आणि पासकी (फोन किंवा लॅपटॉपमध्ये साठवलेली किल्ली) किंवा हातात धरायची सिक्युरिटी की त्याहून बरी, कारण खोट्या पानावर ती चालतच नाही. तुमची आयटी कंपनी अजून दर तीस दिवसांच्या सक्तीवर अडून असेल, तर ती बाकीच्या बाबतीतही कुठल्या वर्षात आहे, याचा अंदाज येतो.

बँक खातं बदलल्याचा ईमेल आला आणि आम्ही पैसे भरले. यात आयटी कंपनीची चूक आहे का?

कधी थोडी, बहुतेक वेळा नाही. तुमच्या नावाने खोटे ईमेल जाऊ नयेत म्हणून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी डोमेनवर लावणं त्यांचं काम. पण पुरवठादाराचाच मेलबॉक्स फुटला असेल, तर ईमेल अस्सल पत्त्यावरून, जुन्या संभाषणाच्या खाली, खऱ्या बिलासकट येतो. त्याला कुठलंच यंत्र पकडेल याची खात्री नाही. खातं बदलल्याचं कोणी कळवलं की आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करायचा, ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. हा नियम मालकानेही पाळायचा. मालकाच्या घाईपुढे कोणी बोलत नाही, हे चोरांना पक्कं ठाऊक असतं.

अपडेटमुळेच कॉम्प्युटर बंद पडतात, मग ती टाकायचीच कशाला?

१९ जुलै २०२४ नंतर हा प्रश्न पुन्हा जोरात आला. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली. त्यातली बरीचशी एकेका यंत्रापाशी बसून हाताने सोडवावी लागली. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर त्यासाठी रिकव्हरी-की लागत होती. ज्यांच्या किल्ल्या नोंदवलेल्या होत्या त्यांचं काम मार्गी लागलं. बाकीच्यांची शोधाशोध सुरू झाली.

तरीही अपडेट न टाकण्याचा धोका कितीतरी मोठा. वॉनाक्रायचं वर आलंच आहे. चांगली कंपनी आधी दोन-चार यंत्रांवर टाकते, एक-दोन दिवस बघते, मग सगळ्यांवर. इंटरनेटला उघड्या असलेल्या गोष्टींना, म्हणजे फायरवॉल आणि व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायची वाट) यांना एवढी सवड नसते, तिथे घाईच करावी. ज्यांना अपडेट मिळायचीच बंद झाली ती यंत्रं बदला. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा ‘चालतंय ना अजून’ हे कारण आता टिकत नाही.

करारात काय बघायचं?

‘प्रतिसाद १ तासात’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. प्रतिसाद म्हणजे तक्रार मिळाल्याचा ईमेलसुद्धा असू शकतो. काम सुरू किती वेळात होईल आणि अडलं तर वरच्या माणसाकडे कधी जाईल, हे वेगळं लिहून घ्या. ‘९९.९ टक्के चालू’ हे ऐकायला छान वाटतं. त्या हिशोबात वर्षाला पावणेनऊ तास बंद राहायची मुभा आहे, आणि ते तास तुमच्या ऐन गर्दीच्या दिवशी येऊ शकतात.

बिल सहसा माणशी किंवा यंत्रामागे असतं. एकच माणूस कॉम्प्युटर, लॅपटॉप आणि फोन वापरत असेल तर माणशी दर सोपा पडतो. तीन पाळ्यांत एकच यंत्र वापरणाऱ्यांना यंत्रामागे. काय धरलेलं नाही याची यादी मागा. हल्ल्यानंतरची साफसफाई बहुतेक करारांत वेगळी असते, आणि त्या दिवशी घासाघीस करायच्या मनःस्थितीत तुम्ही नसता.

ते काम करतात की नाही, हे मला कसं कळणार? मला तर यातलं काही कळत नाही.

दर महिन्याला येणारा रंगीत रिपोर्ट बाजूला ठेवा. ‘या महिन्यात ४२,००० धोके अडवले’ या वाक्यावरून काही कळत नाही. त्याऐवजी साधे प्रश्न विचारा. कोणत्या यंत्रावर अपडेट राहिलंय आणि का? कोणाला टू-स्टेप नाही? अ‍ॅडमिन अधिकार कोणाकोणाला आहेत, नावं सांगा. सोडून गेलेल्या माणसाचं खातं चालू आहे का? शेवटचा बॅकअप परत कधी भरून बघितला आणि किती वेळ लागला?

आणि तीन महिन्यांतून एकदा स्वतः फाइल निवडा, ‘गेल्या महिन्याच्या १० तारखेची ही फाइल मला बॅकअपमधून काढून द्या’ म्हणा आणि घड्याळ लावा. याला तांत्रिक ज्ञान लागत नाही. पहिल्यांदा हे केल्यावर समोरच्याचा चेहरा काय होतो, त्यावरून बरंच कळतं.

हल्ला झालाच तर पहिल्या तासात काय करायचं?

नेटवर्कची केबल काढा, वाय-फाय बंद करा. कॉम्प्युटर शक्यतो बंद करू नका, त्याच्या मेमरीत तपासाला लागणारे माग असतात. नेटवर्क तोडता येतच नसेल आणि फाइली डोळ्यांदेखत जात असतील, तर मात्र बंद करा. बॅकअपची डिस्क ‘बघूया आहे का’ म्हणून लगेच जोडू नका. मी हे होताना पाहिलंय, आणि होती ती एकमेव चांगली प्रत त्या जोडण्याने गेली.

आयटी कंपनीला फोन करा, ईमेल नको, तुमचा ईमेल चोरही वाचत असेल. नंबर कागदावर हवेत. पैशाचा मामला असेल तर पहिला फोन बँकेला. पडद्यावरच्या संदेशाचा फोटो काढा. घाईघाईने सगळं फॉरमॅट मारू नका, चोर कुठून आला हे कळलं नाही तर तो त्याच वाटेने परत येतो. विमा असेल तर विमा कंपनीला आधी कळवा, काही पॉलिसींत तज्ज्ञ त्यांच्याच यादीतले घ्यावे लागतात. ग्राहकांची माहिती गेली असेल तर कायद्याने कळवायची मुदत असू शकते. युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यात नियामकाला कळवायला ती ७२ तासांची आहे.

खंडणी द्यायची का, हे तासाभरात ठरवू नका. पैसे देऊनही सगळ्या फाइली परत मिळतील असं नाही, आणि चोरलेली माहिती त्याने पुसली हे तपासायला तुमच्याकडे काहीच साधन नसतं. काही जुन्या प्रकारांची कुलपं उघडणारी साधनं ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमात फुकट मिळतात; तो २०१६ पासून चालू आहे आणि त्यात युरोपोलचा हात आहे. आधी तिथे बघा.

पटलं नाही तर कंपनी बदलता येते का?

वर सांगितलेल्या गोष्टी तुमच्या नावावर असतील तर येते. नसतील तर आधी त्या नावावर करून घ्या, गोडीगुलाबीने, आणि मग सोडायचं बोला.

जुन्या कंपनीने काय द्यायचं हे पहिल्याच करारात असावं: यंत्रांची यादी, नेटवर्कचा नकाशा, पासवर्डांची यादी, बॅकअप आणि त्याच्या किल्ल्या. नवी कंपनी आणि जुनी कंपनी महिनाभर एकत्र राहू द्या. दोघांचं पटणार नाही, त्याला इलाज नाही. शेवटच्या दिवशी जुन्यांची सगळी खाती बंद करा, फायरवॉलचे आणि वाय-फायचे पासवर्ड बदला, आणि त्यांचं रिमोट सॉफ्टवेअर प्रत्येक कॉम्प्युटरवरून काढलं गेलं का, हे यादी हातात घेऊन एकेक करून बघा. कपाटातल्या जुन्या लॅपटॉपवर ते हमखास राहून गेलेलं असतं.